अर्ध्या लोकांचं मतदान

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. ९ तारीख, युरोपियन पार्लमेंटच्या निवडणुकीचा रविवार. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी आदल्या संध्याकाळीच मला जिन्यात गाठून सांगून ठेवलेलं की उद्या सकाळी शाळेपर्यंत सोबत चल, गुडघा धरलाय. आजी लक्झेंबर्गच्याच, जन्म इथलाच, याच बॉनवा भागातला. इथे मतदान सक्तीचं आहे पण पंच्याहत्तरीनंतर सूट मिळते, आणि आजींची पंच्याहत्तरी उलटून जमाना झाला, तरी सूटबिट घ्यायला त्या काही तयार नाहीत. चांगला निळा कोट, रोलर लावून बसवलेले केस, पर्समध्ये आयडी कार्ड आणि पेपरमिंटची डबी. शाळेच्या दाराशी मला बाकड्यावर बसवलं, एक पेपरमिंट हातावर ठेवली आणि आत गेल्या. आतून ओल्या फळ्याचा आणि फिनाइलचा वास येत होता, जगातल्या सगळ्या शाळांचा एकच वास असतो बहुतेक. देशाच्या वाट्याला सहा जागा म्हणून प्रत्येक मतदाराला सहा मतं, आणि ती वेगवेगळ्या पक्षांच्या लोकांत वाटताही येतात, त्यामुळे आजींना बराच वेळ लागला. बाहेर आल्या, बाकड्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, झालं माझं, आता तू जाऊन ये, मी बसते इथे.

मी म्हटलं, मला मत नाही. तर म्हणाल्या, असं कसं, मागच्या वर्षी तर दिलं होतंस की. मी म्हटलं ते नगरपालिकेचं होतं, हे वेगळं. मग थोडा विचार करून, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "हो गं, आमच्या पार्लमेंटसाठी तुम्हाला मत द्यायचं का म्हणून २०१५ ला विचारलं होतं आम्हाला. मी नाही म्हटलं होतं." आणि उठल्या. चल, कॉफी पिऊ.

मी कॉफी प्यायले. वर केकही खाल्ला. पण ते "मी नाही म्हटलं होतं" काही डोक्यातून जाईना.

लक्झेंबर्गमध्ये राहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे, ४७ टक्के वगैरे, लक्झेंबर्गचे नागरिकच नाहीत. आमच्या लक्झेंबर्ग शहरात तर दहातले सात. सगळ्यात मोठा गट पोर्तुगीजांचा, मग फ्रेंच, इटालियन, बेल्जियन, आणि आता आम्ही भारतीयही बऱ्यापैकी, फंड, बँका, आयटी यातले. शिवाय रोज सकाळी फ्रान्स, जर्मनी, बेल्जियममधून कामाला येऊन संध्याकाळी परत जाणारे सव्वादोन लाखांच्या आसपास. आठ वाजता फ्रान्समधल्या मेट्झकडून येणारी लोकल बघायची, ठाण्याची फास्टच. फक्त इथे कुणी दारात लटकत नाही आणि पाय पडला तर "पार्दों" म्हणतात. देशातल्या नोकरदारांत जवळपास निम्मे हे असे सीमेपलीकडचे. हॉस्पिटलातल्या नर्स, बेकरीतली मुलगी, माझ्या टीममधले दोघे, सगळे रात्री झोपायला दुसऱ्या देशात. २०१५ च्या ७ जूनला झाव्हिए बेटल यांच्या सरकारनं नागरिकांना विचारलं की बाबांनो, दहा वर्षं इथे राहिलेल्या आणि आधी स्थानिक किंवा युरोपियन निवडणुकीत मत दिलेल्या परदेशी लोकांना राष्ट्रीय निवडणुकीतही मत द्यायचं का? ७८ टक्के लोक नाही म्हणाले. त्या प्रश्नावर मत अर्थातच फक्त नागरिकांना होतं.

कागदावर हा आकडा वाचला की राग येतो. पण ७८ टक्क्यांमधली एक जर रोज जिन्यात भेटत असेल, आपल्या घराची जादा किल्ली तिच्याकडे असेल, सप्टेंबरमध्ये क्वेच आलुबुखारांचा टार्ट करून त्यातला अर्धा ती आपल्या दारात फॉइल घालून ठेवून जात असेल, तर रागाचं काय करायचं ते कळत नाही. मी शेवटी विचारलंच आजींना, एका संध्याकाळी, का म्हणून. त्यांनी मला १९४१ सांगितलं. नाझी जर्मनीनं लक्झेंबर्ग गिळलं होतं, फ्रेंच बोलायला बंदी, माणसांची फ्रेंच नावं बदलून जर्मन केलेली. आणि ऑक्टोबरात शिरगणती काढली, त्यात तीन प्रश्न होते, नागरिकत्व काय, मातृभाषा काय, वंश कुठला. उत्तर "जर्मन" असंच लिहून घ्यायचं होतं त्यांना. लोकांनी आपापसात निरोप फिरवले, तीनदा लक्झेंबर्गिश लिहा. आधी केलेल्या चाचणी मोजणीतच प्रचंड बहुमतानं तेच उत्तर आलं आणि शिरगणती गुंडाळावी लागली. आजींचे वडील त्या निरोप फिरवणाऱ्यांतले. "आमच्याकडे सैन्य नव्हतं, काही नव्हतं," आजी म्हणाल्या, "आम्ही कोण हे आम्हीच सांगायचं, एवढंच हातात होतं." जुन्या शहरात मासळीबाजाराच्या चौकात एका घरावर कोरलेलं आहे, आम्हाला जसे आहोत तसंच राहायचंय. टुरिस्ट त्याचा फोटो काढतात. मीही काढलाय.

आता यावर मी काय बोलणार? मी ठाण्याची, नौपाड्यातली. आमच्या घरी रविवारी सकाळी पोहे आणि त्यावर काकांचं भाषण असायचं, काका बँकेत होते, भूमिपुत्र हा शब्द मी मराठीच्या पुस्तकाच्या आधी त्यांच्या तोंडून ऐकलाय. मुंबई कुणाची, नोकऱ्या कुणाच्या, बाहेरून येतात, इथे पोटं भरतात आणि वर रेशनकार्ड काढून मतंही टाकतात, मग निवडून कोण येणार, सांगा. पोह्यांवर लिंबू पिळत आम्ही पोरं माना डोलवायचो. त्या माना डोलवण्यात काही वाईट आहे असं तेव्हा वाटायचंच नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही सगळंच चुकीचं वाटत नाही, आपल्या गावात आपली भाषा ऐकू येईनाशी झाली की पोटात जे होतं ते मला माहितीय. इथे २०१६ मध्ये लक्झेंबर्गिशला पहिली अधिकृत भाषा करा म्हणून ऑनलाइन पेटिशन निघालं त्यावर १४ हजारांहून जास्त सह्या झाल्या, एवढ्याशा देशात. बेकरीत गेलं तर आजींना त्यांच्याच देशात त्यांच्या भाषेत पाव मागता येत नाही, फ्रेंचमध्ये मागावा लागतो, कारण काउंटरवरची मुलगी फ्रान्समधून आलेली. दादरला असं झालं असतं तर काकांनी काउंटरवर काय केलं असतं त्याचा विचार नको.

फरक इतकाच की या वेळी काउंटरच्या पलीकडे मी आहे.

मतदानाचा हक्क कुणाला आणि का मिळतो हे बारकाईनं बघायला गेलं ना तर डोकं गरगरतं. माझी ऑफिसातली मैत्रीण मडगावची. तिचे आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, म्हणून पोर्तुगालच्या कायद्यानं ते पोर्तुगीज, म्हणून तिचे वडील, म्हणून ती. कागद गोळा करून लिस्बनला जन्माची नोंद केली, पासपोर्ट आला, आणि ती एकदम युरोपियन युनियनची नागरिक. पोर्तुगालमध्ये तिनं एकूण एक लांब वीकेंड काढलाय. पोर्तुगीज बोलायला लागली की इथले पोर्तुगीज प्लंबर प्रेमानं इंग्लिशवर येतात. तिला इथे युरोपियन पार्लमेंटसाठी मत आहे, मला नाही. आणि तिनं दिलं का मत? नाही, नाव नोंदवायचा फॉर्म भरायचाच राहिला. मी तिच्यावर इतकी चिडले की तिला कळेचना काय झालं.

तिचेच नातेवाईक इंग्लंडमध्ये स्विंडनला आहेत, तिथे असे पोर्तुगीज पासपोर्टवाले गोवेकर भरपूर, गोदामांत, कारखान्यांत. २०१६ ला ब्रेक्झिटचं सार्वमत झालं तेव्हा ज्यांचं सगळं आयुष्य त्या निकालावर टांगलेलं त्या स्विंडनच्या गोवेकरांना मत नव्हतं, कारण ते युरोपियन. आणि माझी एक कॉलेजची मैत्रीण तेव्हा लेस्टरला मास्टर्स करत होती, वर्षभरासाठी, तिच्याकडे भारतीय पासपोर्ट, म्हणजे कॉमनवेल्थ, म्हणजे मत आहे! ती जाऊन टाकून आली, फोटोबिटो. म्हणजे मडगावच्याच दोन शेजारणी इंग्लंडला गेल्या असत्या, तर जिनं भारतीय पासपोर्ट ठेवला तिनं ब्रिटननं युरोपात राहायचं का ते ठरवलं असतं आणि जिनं युरोपचा घेतला ती बघत बसली असती. स्विंडनचा कौल बाहेर पडायच्या बाजूनं गेला. कुणी मुद्दाम असं रचलेलं नाही, जुन्या साम्राज्यांचे कागद एकावर एक पडून राहिलेत आणि त्यांच्या ढिगाऱ्यावर लोकशाही उभी आहे, जिथे पाय टाकाल तिथे कुठलं तरी जुनं पान फाटतं.

माझ्या वाट्याला आलेलं मत म्हणजे २०२३ चं. त्याआधी इथे नगरपालिकेला मत द्यायला परदेशी माणसाला पाच वर्षं राहिलेलं असावं लागायचं, ती अट काढली आणि शहरभर पोस्टर लागले, "मी मत देऊ शकते". मी नोंदवलं नाव. नोंदवलं की मग सक्ती लागू, रीतसर पत्र आलं घरी की हजर राहा. ११ जूनला त्याच शाळेत गेले. शहराच्या कौन्सिलला २७ जागा म्हणून २७ मतं, टेबलाएवढा कागद, पेन्सिल हातात घेऊन मी पंधरा-वीस मिनिटं त्या आडोशाला उभी होते, सायकल ट्रॅकवाली बाई, पाळणाघरांवर बोललेला माणूस, एकाला केवळ मिशा बाबांसारख्या म्हणून. बाहेर आल्यावर इतकं छान वाटलं की आईला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, बरं झालं बाई तुझ्याकडे तरी निवडणूक झाली. कारण ठाण्यात २०२२ च्या मार्चपासून महापालिकेत प्रशासक बसलेला, पुण्यात तेच, मुंबईत तेच, निवडणूक कोर्टात अडकलेली, नगरसेवक नावाचा प्राणीच नव्हता. गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला हा आईचा प्रश्न होता, आणि मी तिला युरोपातल्या लोकशाहीची गंमत सांगत होते.

तरी सांगायला पाहिजे की इथल्या परदेशी लोकांपैकी पाचातल्या एकानंच तेव्हा नाव नोंदवलं. बाकीच्यांना दार उघडं होतं, गेले नाहीत. आजींनी हे पेपरात वाचलेलं आणि मला ऐकवलं, फार खोचकपणे नाही, पण ऐकवलं. मग मत पाहिजे म्हणून ओरड कुणाची होती? माझ्याकडे उत्तर होतं, की दोन नोकऱ्या करणाऱ्या साफसफाईच्या बाईला कम्यूनचा, म्हणजे नगरपालिकेचा, फ्रेंच फॉर्म समजून घ्यायला वेळ कुठे, की ज्याला वीस वर्षं सांगितलं तू पाहुणा तो एका पोस्टरनं यजमान होत नाही. दिलं मी ते उत्तर. पण माझ्या मडगावच्या मैत्रिणीकडे काय फ्रेंच नव्हतं? वेळ नव्हता?

मला वाटतं युरोपची सगळी गोची या आमच्या एका जिन्यात मावते. माल, पैसा, माणसं यांना फिरायला सत्तर वर्षांत रस्ता करून दिला, आणि छान करून दिला, पण मत मात्र जिथल्या तिथे खुंटीला बांधलेलं. जे रोज सीमा ओलांडतात त्यांना ज्या देशात ते दिवस काढतात तिथे मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यातल्या पुष्कळांना कधी सीमा ओलांडायची वेळच येत नाही. मग जर्मनीत, फ्रान्समध्ये, हॉलंडमध्ये "आमचा देश आम्हाला परत द्या" म्हणणारे पक्ष वाढले की इथले किर्शबर्गच्या काचेच्या ऑफिसातले लोक लंचला हळहळतात. किर्शबर्ग म्हणजे आमच्या शहराचा तो डोंगर जिथे युरोपियन कोर्ट, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक, भाषांतरकारांच्या फौजा, २४ अधिकृत भाषा. फुकटची ट्राम त्यांच्या दारातून जाते. एप्रिल, जून, ऑक्टोबरात मंत्र्यांच्या बैठका ब्रसेल्सऐवजी इथे भरतात, तेव्हा काळ्या गाड्यांमुळे ट्राम अडते. त्या ट्राममध्ये उभं राहून कधीच असं वाटत नाही की आत जे चाललंय त्यावर आपल्या शेजारच्या माणसाचा काही हात आहे. त्याला मत असलं तरीही.

आणि विचारलं की काय होतं तेही बघितलंय. युरोपची राज्यघटना लिहिली, फ्रान्सनं २००५ च्या मेअखेर नाही म्हटलं, तीन दिवसांत डचांनी त्याहून मोठ्यानं नाही म्हटलं, विषय संपला. लक्झेंबर्गचं सार्वमत त्यानंतर जुलैत होतं. यांनी ते घेतलंच, रांगा लावून, आणि ५६ टक्के हो म्हणाले, मेलेल्या घटनेला. आजी तेव्हा हो म्हणाल्या होत्या, अभिमानानं सांगतात. त्यातला बराचसा मजकूर पुढे लिस्बन करारात आला, त्याला २००८ ला आयर्लंडनं नाही म्हटलं, काही आश्वासनं देऊन पुढच्या वर्षी परत विचारलं, हो झालं. ग्रीसनं २०१५ च्या जुलैत ६१ टक्क्यांनी अटी नाकारल्या आणि त्याच महिन्यात त्यांच्या सरकारनं त्याहून कडक अटी मान्य केल्या. या तिन्ही गोष्टींची कारणं मला समजतात, आयर्लंडच्या बाबतीत तर पटतातही. पण ज्यानं मत दिलं त्याच्या डोक्यात काय उरलं असेल?

दुसरीकडे व्हेटो. २०२३ च्या डिसेंबरात युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची होती, एकमत पाहिजे, हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान अडून बसलेले. मग ते खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी एकमत करून टाकलं. ४५ कोटी लोकांचा कारभार या असल्या युक्तीवर चालतो हे वाचून मी हसले होते, आणि लगेच वाटलं की व्हेटो काढून टाका म्हणणं सोपं आहे, पण इथे राहून ते बोलायला जीभ रेटत नाही. या देशाची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास, म्हणजे आमच्या ठाण्याच्या निम्मीसुद्धा नाही, आणि टॅक्सच्या बाबतीत एकमताचा नियम नसता तर याची फंड इंडस्ट्री, म्हणजे माझा पगार, मोठ्यांनी कधीच वाटून घेतला असता. एखाद्या देशाला फार महत्त्वाची वाटते त्या गोष्टीत बाकीच्यांनी रेटून न्यायचं नाही, हा १९६६ चा समझोताही याच शहरात झालेला, द गॉल यांच्या फ्रान्सनं बैठकांवर बहिष्कार टाकल्यावर. छोट्याचं कवच आणि अडवणाऱ्याची काठी, वस्तू एकच. युक्रेन, मोल्दोव्हा, बाल्कनमधले देश, सगळे आत आले तर व्हेटोवाले पस्तीसच्या घरात जातील आणि मग कुठलीच गोष्ट हलणार नाही. माझं मत विचाराल तर परराष्ट्र धोरणातून व्हेटो जावा, टॅक्समध्ये राहावा. सोयीचं मत आहे, माहितीय. पण मला विचारतंय कोण?

शनिवारी आम्ही सामान भरायला जर्मनीत ट्रिअरला जातो, डाळी सोडून सगळं तिथे स्वस्त, आणि जर्मन लोक पेट्रोल भरायला आमच्याकडे वासरबिलिगला येतात, सीमेवरच्या त्या एवढ्याशा गावात पंपच पंप. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीनं आपल्या सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. पहिल्यांदा रांगेत थांबलो तेव्हा डिझेलचा वास, पुढचा ट्रक इंच इंच सरकतोय, नवरा स्टीअरिंगवर बोटं वाजवतोय, आणि मला एकदम मुलुंडचा जकात नाका आठवला, बाबांच्या स्कूटरवर मागे बसून ट्रकांच्या त्या अंतहीन रांगेच्या कडेनं जाताना नाकाला रुमाल. जीएसटी आला तेव्हा ते नाके गेले आणि आता जायला-यायला कुणाला आठवतही नाहीत. शेंगेन इथून अर्ध्या-पाऊण तासावर, मोझेल नदीकाठचं द्राक्षमळ्यांचं खेडं, १९८५ ला तिथे नदीतल्या जहाजावर सीमांवरची तपासणी काढायच्या करारावर सह्या झाल्या. २०२५ च्या जूनमध्ये त्याला चाळीस वर्षं झाली, ते जहाज परत आणून धक्क्याला लावलं, भाषणं झाली, आणि पलीकडच्या देशाची तपासणी चालूच. पोलीस आमच्याशी नीट वागले, पासपोर्ट, कार्ड, थँक यू. मागे बसलेल्या मुलाला मात्र हे फार थरारक वाटलं. त्यानं सीमा म्हणून काही असते हे पहिल्यांदाच बघितलं ना.

मुलगा इथे जन्मलाय, म्हणजे इथेच राहिला तर अठराव्या वर्षी आपोआप लक्झेंबर्गचा नागरिक. शाळेत लक्झेंबर्गिश बोलतो, जर्मनमध्ये वाचायला शिकला, आता फ्रेंच, आणि आजींशी गप्पा मारतो तेव्हा मला निम्मं कळत नाही. आजी एकदा त्याच्यासमोरच म्हणाल्या, तू परीक्षा दे की भाषेची, पासपोर्ट घे, मग कर मत, कोण अडवतंय तुला? खरंय. पाच वर्षं कधीच झाली, परीक्षा अवघड नाही, बोलता आलं आणि ऐकून समजलं म्हणजे झालं. अडकलंय ते दुसरीकडे. भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळतं, जाता-येता येतं, मत जातं. आता तुम्ही म्हणाल तू भारतात तरी कुठे मत देतेस, तर तेही खरं, त्यासाठी स्वतः जाऊन उभं राहावं लागतं आणि ते जमलेलं नाही. म्हणजे जे मत मी देत नाही ते सोडवत नाहीये, आणि जे पाहिजे ते त्याशिवाय मिळत नाहीये. मुलगा म्हणाला, आई, तू टेस्टला घाबरतेस. मी त्याला गृहपाठाला बसवलं.

दिवाळीत काकांना फोन केला. आता ऐंशीच्या पुढचे आहेत, पण आवाज तसाच, समोर बँकेची अख्खी युनियन बसल्यासारखा. त्यांना सगळं सांगितलं, आजी, ७८ टक्के, सगळं. काका म्हणाले, बरोबर केलं त्यांनी, एवढासा देश, उद्या तुम्हीच सगळे मिळून तो विकाल. मग जरा थांबून म्हणाले, पण काय गं, टॅक्स भरतेस ना तू तिथे? किती वर्षं झाली? पोर तिथलं, घर तिथलं, मग मत नाही म्हणजे काय, हा सरळसरळ अन्याय आहे, तुमचं मंडळ-बिंडळ काही करत नाही का? मी म्हटलं काका, या दोन्ही गोष्टी एकदम कशा बोलता तुम्ही. तर म्हणाले, न बोलायला काय झालं? पहिलं मी माझ्या बाजूनं बोललो आणि दुसरं तुझ्या. आता आईला दे फोन, फराळाचं पार्सल पोचलं का ते विचारायचंय. मी म्हटलं काका, आई तुमच्याकडे आहे, ठाण्याला.